न्हाय कबूल

हजरतांनी पडद्यापलीकडनं विचारलं, "बीबी, बंदेनवाज नदाफ यांच्याशी निकाह कबूल आहे?"

नातवंडं झालेल्या बाईला हे विचारतात! मी स्वयंपाकघरात पाटावर बसलेली, अंगाची नुसती लाही लाही होत होती. बाहेर हजरत, म्हंजे आमच्या शुक्रवार पेठेतल्या मशिदीचे इमाम, साक्षीला आणलेले दोन गवाह, अन् मान खाली घालून बसलेला माझाच नवरा.

झालं असं, की शेजारचा लाडलेसाब वारला. तो अन् त्याची पोरं दुसऱ्या पंथाची. नमाजात ते आमीन मोठ्यानं म्हणतात, आमी मनात. जनाज्याची नमाज त्याच्या थोरल्या पोरानं पढवली अन् आमचे हे पहिल्या रांगेत जाऊन उभे राह्यले. जुम्म्याला हजरतांनी मशिदीत जाहीर केलं, त्या पोरामागं जे उभे राह्यले त्यांचं इमान गेलं, निकाह तुटला. तोबा करा, निकाह परत पढवून घ्या. गल्लीत बाकीच्यांनी गुपचूप उरकून घेतलं. आमचे हे तर जन्माचे भित्रे! त्या दिवसापासनं गादीच्या दुकानात कापसावर झोपायला लागले. डबा मी दुकानाच्या उंबऱ्यात ठेवायचा, मी पाठ फिरवली की ह्यांनी उचलायचा. लई लागलं मला ते. रडले बी. मग ह्यांचा निरोप आला, एकदा कबूल म्हण, घरी येतो.

एकदा म्हणलं की नवरा घरात. पण म्हणलं म्हंजे लाडलेसाबला मूठमाती देणं पाप होतं, हे बी कबूल. ह्यांना टीबी झाली तवा आमचं कापूस पिंजायचं मशीन त्यानंच चालवलं, स्वतःचं काम सोडून. त्याला मी काफर म्हणू व्हय?

"बीबी?"

"न्हाय कबूल."

बाहेर एक गवाह उगंच खोकला.

"समजून बोला. नकार दिलात तर हा माणूस तुम्हांला परका."

"मग परक्या माणसाला घेऊन जावा की माझ्या घरातनं! बाईनं हो म्हणल्याबिगर निकाह होत न्हाय, हे तुमीच सांगता. मग मी न्हाय म्हणते. पहिला तुटला असं मी मानत न्हाय अन् दुसरा मला नको."

"मी मनचं सांगत नाही. आमच्या बुजुर्गांनी लिहिलंय." आवाज चढला, पण त्यात रागापरास भीती जास्त. भर मशिदीत बोलून बसलेले, आता मागं कसं येणार बिचारे?

"सगळ्या बुजुर्गांनी? एकानं बी वेगळं लिहिलं न्हाय?"

मी तोंडानं फाडफाड बोलत होते खरं, पण आतनं भ्यालेले. ह्यांनी उठून चपला घातल्या, तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं मी?

ह्यांचा आवाज आला, बारीक.

"हजरत, लाडलेसाबची नमाज तुमी पढवा असं मी म्हणलो असतो, तर पढवली असती?"

"नाही."

"मग कुणीतरी पढवायला पायजेच हुती की." अन् म्हणले, "माझा निकाह हाय तसा हाय. तुमचं चुकलंय. उद्या पहाटे फजरला तुमच्याच मागं उभा राहीन, रोजच्यावानी."

"मी चुकीचा, आणि नमाज माझ्या मागे?"

"व्हय."

हजरत उठले. चहाला हात न लावता गेले, मागनं गवाह. हो म्हणले न्हाईत, नको बी म्हणले न्हाईत.

हे आत आले अन् मटकन बसले. मी त्यांचे हात घट्ट धरले.

"उद्या हाताला धरून रांगेतनं काढलं तर गं?"

"तर मागच्या रांगेत उभं ऱ्हावा. तिथनं काढलं तर पायरीवर. दुसरी मशीद बघायची न्हाय."

"अन् त्यांना कधीच पटलं न्हाय तर?"

"न्हाय पटलं तर न्हाय पटलं! मला तरी तुमचं कधी काय पटलंय? तरी नांदतेच की."