देखभालीचा माणूस

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. गेल्या वर्षी यांना हार्ट अटॅक आला, तोही जिन्यावर! स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली. "ही कायमची. मनानं सोडायची नाही," असं त्यांनी मलाच बजावलं, कारण यांचं सगळं लक्ष दवाखान्याच्या लिफ्टच्या आवाजाकडे होतं.

काही महिन्यांनी रिपोर्ट आला, एकदम झकास. मग श्रेय घ्यायला घरात नुसती झुंबड! मी म्हटलं, माझ्या कमी तेलाच्या भाज्या. लेक म्हणाली, मी आणलेले चालायचे बूट. नणंदबाईंनी फोनवरून लसणाची बाजू लावून धरली. गोळीला कुणी विचारलंच नाही. आणि यांनी ती गुपचूप बंद केली.

गोळ्यांचं पाकीट संपेना, तेव्हा मला कळलं.

"अहो, हे काय?"

"अगं, रिपोर्ट चांगला आलाय ना? मग गोळी कशाला?"

मी चिडले, रडले, अबोला धरला. माणूस ढिम्म! पुन्हा अटॅक आल्याचा फोन आला तर, या धास्तीनं माझी जेवणावरची वासनाच उडाली. हा हट्टी माणूस मला अजून पुष्कळ वर्षं हवाय हो.

एके दिवशी संध्याकाळी हे तणतणतच घरी आले. एका इमारतीच्या सेक्रेटरीनं यांचं देखभालीचं काम बंद करायचं ठरवलं होतं.

"म्हणतो कसा, आमची लिफ्ट कधी बंदच पडत नाही, मग तुम्ही दर महिन्याला येता कशाला? अक्कल गहाण टाकलीय का यानं? अरे, मी दोर तपासतो, ब्रेक बघतो, ग्रीस घालतो. मी येतो म्हणून बंद पडत नाही ती!"

मी चहा गाळत होते. हात तिथेच थांबला.

"काय म्हणालात? पुन्हा सांगा बरं."

"अगं, मी येतो म्हणून ती बंद पडत..."

यांनी माझ्याकडे बघितलं, मग फळीवरच्या पाकिटाकडे. एरवी अशी संधी मी सोडते होय? पण या वेळी मी फक्त पाण्याचा पेला भरून पुढे ठेवला.

"आण ती इकडे," हे पुटपुटले.

दुसऱ्याच दिवशी यांना डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल पुन्हा चढलेलं. डॉक्टरांनी चांगलं फैलावर घेतलं, आणि यांनी निमूट ऐकून घेतलं. तेव्हापासून गोळी चुकलेली नाही. भाज्या आणि बूटही चालू आहेत. लसूणही, नाहीतर नणंदबाई रुसतील.

काल पुन्हा तपासणी झाली. रिपोर्ट छान.

"छातीत दुखणं, धाप, काही झालं मधे?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही म्हणजे काहीच झालं नाही," हे छाती फुगवून म्हणाले. "देखभाल चालू आहे ना!"

घरी येऊन मी पोटभर जेवले.