रानातला शर्ट

पहाटे दीक्षाला घराबाहेर काढताना सुरेखाने तिच्या अंगावर कपड्यांचं दुकानच चढवलं. सुती बनियन, स्वेटर, जाडजूड जाकीट, वर कानटोपी. दीक्षा कुरकुरली, “आई, पळायचंय मला. आत घाम सुकंल असा टी-शर्ट आन् वर येक जाकीट, बास व्हतंय.” पण मोबाईलवरचं शहाणपण सुरेखा ऐकेल तर शपथ!

आज शिरूरला पोलीस भरतीच्या मोफत वर्गाची निवड होती. आठशे मीटर तीन मिनिटांच्या आत पळणाऱ्या मुलीच घेणार होते. विकतचा क्लास परवडणारा नव्हता, त्यामुळे दीक्षाची सगळी भिस्त यावरच होती.

तळेगाव ढमढेऱ्याहून निघालेल्या जीपमध्ये माणसं कोंबलेली. शिरूर येईस्तोवर दीक्षा घामाने निथळली. मैदानावर तिने जाकीट-स्वेटर उतरवलं आणि नदीवरचा वारा ओल्या बनियनला झोंबला. पोरीचे दात वाजू लागले, पोटऱ्या आखडल्या. तिच्या आधी अजून वीस मुली होत्या. सुरेखाला कळून चुकलं. हे सगळं आपलंच करणं, दुसऱ्या कुणाला बोल लावायचा?

तिने स्वतः साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घातला होता, रानात जाताना घालायची तसाच. जीपमध्ये उकडायला लागताच तिने बटणं सोडली होती. टोमॅटो तोडताना ऊन चढलं की ती तेच करायची. शर्ट कोरडा ठणठणीत होता.

“बनियन काढ, ह्यो घाल.”

“ह्यो? टोमॅटोचं डाग हायेत त्याला. पोरी हसतील.”

“हसू दे. गारठून पडलीस तर लई हसतील.”

सुरेखाने जाकिटाचा आडोसा धरला. शर्ट चढवून झाल्यावर तिने दीक्षाला जागच्या जागी उड्या मारायला लावल्या. हळूहळू पाय मोकळे झाले. नंबर पुकारला, तशी दीक्षा बाह्या दुमडून त्याच शर्टात सुसाट सुटली. सुरेखाने डोळे गच्च मिटून घेतले.

“दोन चोपन्न!” सर ओरडले. “एवढा ढगळा शर्ट घालून? कुणाचा गं हा?”

सगळ्या मुली वळून बघू लागल्या. सुरेखाने मान खाली घातली.

दीक्षा धापा टाकत मोठ्यानं म्हणाली, “माझ्या आईचा हाय, सर. रोज रानात घालती ती.”

सुरेखाला एकदम रडू फुटलं. तोंड लपवायला हाताशी तो घामट स्वेटरच होता.