सबिहानं बांधलेला गळ

गुलाम नबींनी पंचेचाळीस वर्षं मासे धरले ते गळाच्या दोरीला बांधलेल्या मोरपिसाच्या काडीकडं बघून. अंबडला बसस्टँडजवळ त्यांचं पंपाच्या जळालेल्या मोटारी भरायचं दुकान होतं. हप्ताभर तांब्याची तार गुंडाळायची आणि सुट्टीच्या दिवशी काठी घेऊन तलाव गाठायचा, हा त्यांचा शिरस्ता. पाण्यावर उभी असलेली ती पांढरी काडी दोनदा थरथरली आणि तिसऱ्यांदा तिरपी झाली, की मनगटाला झटका. काडी हलायच्या ढंगावरून ते सांगायचे, रोहू आहे की मृगळ. सहसा चुकायचे नाहीत.

मग काचबिंदूनं दोन्ही डोळे खाल्ले. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. उरलं होतं ते इतकंच, की ऊन कुठल्या बाजूचं आहे ते कळायचं आणि समोर कुणी उभं आहे तेही कळायचं. कोण आहे ते आवाजावरून ओळखायचं. दुकान मुलानं, अतिकनं, हातात घेतलं. काठ्या नबींनी रामप्रसादला देऊन टाकल्या. रामप्रसाद एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, त्यांचा तलावावरचा जुना सोबती. "घेतल्या म्हण," तो म्हणाला, "पण माझ्या घरी ठेवायला जागा न्हाई," आणि नबींच्याच माळ्यावर टाकून निघून गेला.

त्यानंतर नबी दिवसभर ओट्यावर बसायला लागले. बोलायचे कमी. चिडायचे मात्र चहा गार झाला तरी.

सून सबिहा त्याच ओट्यालगतच्या खोलीत ब्लाउज शिवायची. ती पिंपळगाव रेणुकाईची. माहेरी शेजारपाजार सगळा मराठी, त्यामुळं तिच्या तोंडात मराठीच जास्त. एका दुपारी मशीन थांबवून तिनं विचारलं, "अब्बा, मासा आमिष कसा खातो? चावतो का?"

कितीतरी महिन्यांत नबींना कुणी त्यांच्या हुन्नराचं काही विचारलं नव्हतं. ते सावरून बसले.

"चावत न्हाई बेटा. रोहूच्या ओठात दात कुठं? तो तळाशी येतो, ओठ लांब करून आमिष ओढून घेतो. चव बघतो. काही टणक लागलं की थुंकून देतो. तेवढ्यात झटका मारला तर मासा आपला."

"म्हंजे दिसत होतं म्हणून जमत होतं."

"हां. आता खतम."

"आणि काटा पिठाच्या गोळ्यात लपवत होते तुम्ही?"

"पूरा लपवायचा. काटा दिसला तर मासा जवळ तरी येईल का?"

"मंग काटा बाहेरच ठेवला तर? मोकळा. दाणा त्याच्या बाजूला दोऱ्यानं लटकवायचा. मासा दाणा ओढेल, सोबत काटाबी तोंडात जाईल. थुंकायला गेला की आपोआप ओठात रुतेल. तुम्हाला काही बघायचंच न्हाई."

"हे कुठं ऐकलं तू?"

"मोबाईलवर. बाहेरच्या देशात असंच करून राह्यले लोक. तीन दिवस झाले, बघून राह्यले मी."

घरात मासळी आली की नाकाला ओढणी लावणारी ही पोरगी. तीन दिवस मासे धरायचं बघतेय, ते कुणासाठी, हे नबींना कळत होतं. पण तोंडून निघालं ते भलतंच. "नंगा काटा! पंचेचाळीस वर्षांत असलं काही केलं न्हाई मी."

आतून नबींची बायको जन्नतबी गरजली, "अजी, बच्ची बोल रई तो सुनो ना जरा!"

काठ्या माळ्यावरून खाली आल्या.

पहिल्या रविवारी काही म्हणता काही लागलं नाही. सबिहानं दोऱ्याला कणकेची गोळी बांधली होती, ती फेकतानाच सुटून जायची. दोरी तळाशी धरायला लावलेलं शिसं गोल होतं, ते तळाच्या उतारावरून गडगडत जायचं. काटाही मोठा, पूर्वी गोळ्यात लपायचा तो. नबी चिडतील असं रामप्रसादला वाटलं. पण घरी आल्यावर ते जेवायलाही थांबले नाहीत. "सबिहा, डबा आण," म्हणाले. गळांचा डबा मांडीवर घेऊन एकेक काटा बोटांनी चाचपत बसले.

मग सासऱ्या-सुनेचं चांगलंच जमलं. काटा छोटा, मक्याच्या दाण्यापेक्षा थोडाच मोठा. शिसं ठोकून चपटं केलं म्हणजे जागचं हलणार नाही, आणि जरा वजनदार, म्हणजे मासा ओढायला लागला की त्या वजनानंच काटा घट्ट बसेल. शिशापासून काट्यापर्यंत दोरी फक्त वीतभर. आमिष कणकेचं नको, मक्याचं. गूळ आणि बडीशेप टाकून उकडलेले दाणे सबिहानं सुईनं दोऱ्यात ओवले आणि काट्यापासून करंगळीच्या नखाएवढं अंतर सोडून गाठ मारली. शिशाभोवती शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा दाबायचा, तो पाण्यात हळूहळू सुटेल आणि वासानं मासे बोलावून आणेल, ही नबींची अक्कल. काठीच्या टोकाला घुंगरू, ही जन्नतबीची.

दुसऱ्या रविवारी सकाळी मत्स्योदरीच्या टेकडीपलीकडच्या तलावावर सगळीच गेली. नबींनी गळ फेकला, काठी दगडात रोवली आणि बसले. ऊन पाठीवर आलं. जन्नतबीनं भाकरीचं फडकं सोडलं.

घुंगरू एकदा वाजलं. मग वाजायचं थांबेचना.

"नबीभाई!" रामप्रसाद ओरडला, पण काठी कधीच नबींच्या हातात होती. झटका मारायची गरजच उरली नव्हती. मासा अडकूनच पळत होता. काठी वाकली, रीळ करकरलं. नबी डोळे मिटून उभे होते. डोळ्यांची आता गरज नव्हती. मासा खोल गेला, डावीकडं वळला, दमला, पुन्हा उसळला, ते सगळं मनगटाला कळत होतं. ढील द्यायची, ओढायचं, परत ढील. रामप्रसाद गुडघाभर पाण्यात शिरला आणि त्यानं जाळी खाली घातली.

चार किलोच्या वरचा रोहू. नबींनी ओल्या हातांनी त्याचं तोंड चाचपलं. काटा खालच्या ओठात, अगदी मधोमध. आणि मक्याचा दाणा अजून दोऱ्याला लटकलेला.

अल्लाहचे आभार त्यांनी मनातल्या मनात मानले. एवढ्या महिन्यांत मानले नव्हते, उलट भांडणच चाललं होतं. सुनेचे मात्र मोठ्यानं मानले. कुणाला शुक्रिया म्हणायची सवय नसलेला माणूस तो. तरी पुरं बोलला.

"सबिहा, शुक्रिया बेटा. मला वाटलं होतं, मी आता बसून खाणारा माणूस झालो. तू मला कामाचं ठेवलं."

"वीतभर दोराच तर बांधला अब्बा," सबिहा म्हणाली आणि तोंड फिरवून भांडी आवरू लागली. रामप्रसादनं उगाच खाकरून जाळी दोनदा धुतली.

थोड्या वेळानं सबिहा परत आली. "अब्बा, मला फेकायला शिकवता?"

नबींनी दुसरी काठी तिच्या हातात दिली आणि तिची बोटं रिळावर नीट बसवली. तिनं जोर लावून फेकलं. नबी कान देऊन ऐकत होते. पाण्यात धप्प झालं.

"जवळ पडलं," ते म्हणाले. "गुंडाळ. परत फेक, आणि खांदा ढिला सोड."