तेल्वाच्या बापाचं झाड

सेलेस्तोने गवतातलं सफरचंद उचललं, बाहीला पुसलं आणि कचकन चावलं. चावलं मात्र, आणि त्याचा जबडा जागच्या जागी थांबला.

कडू! जिभेच्या कडा आवळून धरणारं, आणि घशाखाली उतरल्यावर मागे मधाचा वास ठेवणारं कडू. ही चव त्याने झोपेतही ओळखली असती. साऱ्या खोऱ्यात या चवीचं एकच झाड होतं. त्याच्या बायकोच्या, तेल्वाच्या, बापाने लावलेलं. तेही गेल्या हिवाळ्यात वाऱ्याने मुळासकट उलथून पाडलं होतं. मग ते इथे, नार्दोच्या बागेत कुठून आलं?

नार्दो म्हणजे त्याचा शेजारी, बांधाला बांध. तरुणपणी हा नार्दो तेल्वाच्या दारावरून दिवसातून चारदा उगीचच जायचा, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तेल्वाने लग्न केलं सेलेस्तोशी. त्याला तीस वर्षं झाली, पण सेलेस्तोच्या पोटातलं दुखणं काही थांबलं नाही. नार्दोच्या पिंपातली सिद्रा, म्हणजे सफरचंदाची दारू, पेल्यात चांगली फेसाळली, की याचा घास कडू व्हायचा.

आणि त्यात पाच वर्षांपूर्वीची ती गोष्ट. नार्दोने कलमं बांधायला सहा नवे खुंट लावले होते. फेब्रुवारीत तो दारात येऊन म्हणाला, "सेलेस्तो, तुझ्या सासऱ्याच्या झाडाच्या काड्या दे कलमाला. आंबट न् गोड माझ्याकडे ढीगभर आहे, पण कडूच नाही. कडू नसेल तर सिद्रा वर्षभर टिकत नाही, तुला काय सांगायचं."

"घेऊन जा की," सेलेस्तो म्हणाला होता.

त्याने दोन जुड्या बांधल्या. एक सासऱ्याच्या झाडाची, स्वतःच्या सहा खुंटांसाठी. दुसरी गोठ्यामागच्या झाडाची. त्याची पाणचट गोड फळं डुकरंसुद्धा नाक मुरडून खात. ती नार्दोसाठी. पान नसलेली हिवाळ्यातली काडी, कोण ओळखणार होतं? नार्दोने पाच वर्षं खतपाणी घालावं आणि हाती डुकरांचा चारा यावा! त्या दिवशी सेलेस्तोला दोन घास जास्त गेले होते.

म्हणजे मागाहून कुणीतरी नार्दोला खऱ्या काड्या दिल्या होत्या. कुणीतरी म्हणजे कोण? घरात माणसं होती दोनच.

"काय रे सेलेस्तो, तोंड का वाकडं?" टोपली घेऊन जाता जाता बाल्बिना काकू ओरडली. "नार्दोचं पचत नाही वाटतं!"

सगळे खो खो हसले. सावडीचा दिवस होता. आळीतली दहा-बारा माणसं फळं वेचायला जमली होती. आज नार्दोची बाग, पुढच्या आठवड्यात काकूची.

दुपारी नार्दोने बाटली डोक्यावर उंच धरली, पेला खाली मांडीपाशी, आणि सिद्राची बारीक धार सोडली. पहिला पेला त्याने सेलेस्तोपुढे केला.

"हा याचा मान. ही सहा झाडं याने दिलेल्या काड्यांची आहेत. यंदा पहिल्यांदाच धरलीत. स्वतःच्या घरचं सोनं असं वाटणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही."

सेलेस्तोने घोट घेतला, तळाचा थेंब रीतीप्रमाणे गवतावर उडवला आणि पेला परत दिला. कसा झाकतोय तिला, लबाड! तेल्वा चीज कापत होती. तिने मान वर केली नाही.

घरी जाताना रस्त्यावर दोघंच होती.

"कधी दिल्यास?" त्याने विचारलं.

"काय?"

"काड्या. मी ओव्हिएदोला भावाकडे गेलो होतो, तेव्हा ना?"

"अरे, तूच दिल्यास की. आत्ता सगळ्यांनी ऐकलं."

"मी दिल्या त्या डुकरांच्या झाडाच्या होत्या!"

तोंडातून निघून गेलं. तेल्वाने टोपली खाली ठेवली.

"बोललास एकदाचा," ती म्हणाली. "पाच वर्षं लागली."

"तुला माहीत होतं?"

"गोठ्यामागे काड्या कापताना पाहिलं मी तुला. चोरासारखा इकडेतिकडे बघत होतास. मग जुड्या पायरीवर ठेवून जेवायला बसलास. तेव्हा मी बदलल्या."

"त्याच्यासाठी?"

"तुला दुसरं काही सुचतच नाही का रे? तू त्याला त्या काय म्हणून दिल्यास? तेल्वाच्या बापाचं झाड म्हणून. लोकांनी ती फळं चाखून थुंकली असती, आणि नाव माझ्या बापाचं घेतलं असतं. ते मी बघत बसायचं होतं?"

सेलेस्तोला आता कुठे दुसरी जुडी आठवली.

"मग आपली सहा..."

"त्याच्यासाठी कापलेल्या तुझ्या वाट्याला आल्या. वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. बापाचं झाड उभं होतं, परत कापता आल्या असत्या. मग ते पडलं." तिचा आवाज बारीक झाला. "मी रडत होते तेव्हा तू म्हणालास, रडतेस कशाला, आपली सहा आहेत ना."

तिने टोपली उचलली आणि ती पुढे निघून गेली.

सेलेस्तो आपल्या झाडांपाशी गेला. यंदा पहिल्यांदाच चार-दोन फळं धरली होती. पुरती पिकल्यावर उतरवायची म्हणून त्याने एकालाही हात लावला नव्हता. आता त्याने एक तोडलं आणि खाल्लं. गोड होतं. दुसऱ्या झाडाचं खाल्लं, तेही गोड. सहाव्या झाडापर्यंत तो गेलाच नाही.

सकाळी नार्दो बागेत आला, तेव्हा सेलेस्तो फाटकापाशी उभा होता.

"इतक्या लवकर? सावड काल झाली रे बाबा!"

"नार्दो, फेब्रुवारीत मला सहा काड्या लागतील. कडू झाडाच्या."

"मग विचारतोस काय? तुझंच झाड."

"माझं नाही," सेलेस्तो म्हणाला. "तू बस जरा. मी काय केलं ते आधी ऐक, आणि मग द्यायच्या की नाही ते ठरव."