एकच तिकीट

शिक्षिकेने दोन खुर्च्यांच्या मध्ये टेबल सरकवलं, की झाली तिकीटखिडकी.

"काका, तुम्ही खिडकीवर. काकू प्रवासी. मराठी बंद! आणि क्लार्कने फक्त प्रश्न विचारायचे, सल्ले द्यायचे नाहीत."

सगळा वर्ग हसला. काका निवृत्त वायरमन. बायकोला कुणी काही विचारलं, तर उत्तर हेच देऊन मोकळे व्हायचे. परदेशातल्या मुलाकडे कायमचं जायचं, हेही त्यांनी असंच ठरवून टाकलं होतं. घराला गिऱ्हाईकही बघून झालं होतं. म्हणून तर साठीनंतर दोघं ही परकी भाषा शिकत होती. काकूंचं शिवणकामाचं दुकान होतं. त्याचं काय, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"किती तिकिटं?" काकांनी नव्या भाषेत ऐटीत विचारलं.

"एक."

काका हसले आणि दोन बोटं नाचवून दाखवली.

"एकच," काकू म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचं."

"अगं, काहीतरीच काय!"

"काका, मराठी नाही," शिक्षिका म्हणाली. "प्रश्न विचारा."

काकांनी वहीची पानं उलटली. 'का' असं कसं विचारायचं, हेच त्यांना आठवेना. तीन महिन्यांत कधी गरजच पडली नव्हती. अखेर सापडलं.

"का?"

काकूंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली. मराठीत हे बोलायला त्यांची जीभ कधी रेटली नव्हती. इथे शब्दच मोजके; आडवळणं घ्यायची सोयच नाही.

"तिथे मी पाहुणी. इथे माझं दुकान. दोन मुली कामाला. मला आवडतं."

आपण एवढी वर्षं हिला हे विचारलं कसं नाही, याचं काकांना फार वाईट वाटलं.

"आणि मुलगा?" त्यांनी हळूच विचारलं.

"आठवण येते. रोज येते. पण तो मोठा झाला."

शिक्षिकेने टाळी वाजवली. "आता अदलाबदल!"

दोघांनी जागा बदलल्या. काकूंनी कोरा फॉर्म पुढे ओढला.

"किती तिकिटं?"

"दोन."

काकूंचा चेहरा पडला.

"पण जाऊन-येऊन," काका शब्द जुळवत म्हणाले. "परतीची तारीख... नंतर सांगितली तर चालेल?"

काकूंनी पेनाचं टोपण काढलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आत्ताच सांगा."