वरची गाय, खालची गाय

पशुविज्ञानाच्या चौथ्या वर्षाला येईपर्यंत तिला वर्गातल्या बहुतेकांची शिसारी आली होती. गोठा सांभाळायची नोकरी हवी, पण बुटाला शेण नको! एक महाशय तर नाकाला रुमाल लावल्याशिवाय गोठ्यात पाऊल टाकत नसत. त्यांचं नावच रुमाल पडलं होतं. आणि विभागप्रमुख तक्तेसाहेब! गाईचं पोट, गाईचं वय, गाईचं मन, सगळं त्यांच्याकडे तक्ते करून भिंतीवर टांगलेलं. वीस वर्षांत त्यांनी गाईला हात लावल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

घरी बापही काही कमी नव्हता. "शेण काढायला चार वर्षं शिकतेय आमची," असं तो आल्यागेल्याला हसून सांगायचा. त्याचं तोंड बंद करायला तिला नोकरी हवी होती, आणि ती आज चालून आली होती. एका मोठ्या डेअरीचा मालक कॉलेजात येणार होता, गोठ्यावर व्यवस्थापक म्हणून एकाला निवडायला. जमल्यास कॉलेजच्या अकरा भाकड गाईही तो बघणार होता. वारंवार कृत्रिम रेतन करूनही त्यातली एकही वर्षभरात गाभण राहिली नव्हती, म्हणून त्या काढून टाकायच्या होत्या.

सकाळी ती गोठ्यात गेली तेव्हा सतरा नंबरची गाय चार नंबरच्या पाठीवर चढत होती. कोणती गाय माजावर आली, म्हणजे रेतनाला तयार झाली, यावर पहारा करणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलीने माजाच्या वहीत लगेच लिहिलं, सतरा.

धारा काढणारे मामा बादली घेऊन चालले होते. ते थबकले. "अगं, माज खालचीला आलाय! दुसरीला अंगावर घेऊन जागची हलली नाही ना, ती माजावर. वरचीची नुसती मस्ती."

"पण चढेल तिचा नंबर लिहायचा, असं सरांनीच सांगितलंय," मुलगी म्हणाली.

"मामा, हे आधी का नाही बोललात?" मुलीच्या हातातली वही घेत तिने विचारलं.

"मला विचारलंय कुणी? मी काय तक्ता आहे?"

म्हणजे वर्षभर भलत्याच गाईला भलत्याच दिवशी रेतन! असले हे विद्वान! ओठ मुडपून तिने वहीची पानं मागे उलटली, तर निम्म्या पानांवर अक्षर तिचंच. गोल, टपोरं, कुठे खाडाखोड नाही. रुमालाला हसणारी ती हीच. तिला स्वतःची किळस आली.

दुपारी मालकाने साहेबांच्या खोलीत सगळ्यांसमोर विचारलं, "या अकरा गाई गाभण राहत का नाहीत?"

"वाणच हलकं," साहेब म्हणाले आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मार्क तिलाच सगळ्यांत जास्त होते. नुसती मान डोलावली असती तरी नोकरी तिची होती.

"गाई धडधाकट आहेत," ती म्हणाली. "माज खालचीला येतो आणि आम्ही वरचीचा नंबर लिहीत बसलो. ही वही. हे अक्षर माझंच आहे."

"परीक्षेचा ताण," साहेब हसले.

"वाणच हलकं, सर," रुमालाने कुणी न विचारता सांगून टाकलं.

मालक उठला, गोठ्यात पाऊण तास फिरला आणि परत आला. नोकरी त्याने रुमालाला दिली. अकराही गाई भाकडाच्या भावाने घेतल्या. ब्याद टळली म्हणून साहेबांनी आनंदाने सही ठोकली.

ट्रकमध्ये गाई चढवत होते तिथे तिने मालकाला गाठलं. "काका, माझं खोटं वाटलं, तर गाई कशाला घेतल्या?"

"खोटं? अगं, तुझं पटलं म्हणून तर घेतल्या!"

"मग नोकरी त्याला का?"

"तू भर खोलीत साहेबांचं पितळ उघडं पाडलंस. उद्या गिऱ्हाइकासमोर माझं पाडशील. मला मान डोलावणारा हवा."

तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. साहेब निदान अडाणी तरी होते.

"दुधात पाणी किती घालता, काका?" तिने विचारलं.

मालक ट्रकची फळी लावायला वळला.