उसनी पायरी

दीपा बोकारेच्या लघवीत मॉर्फिन सापडलं, हे क्लिनिकने फोनवर सांगितलं नाही. नेहमीच्या तारखेआधीच तिला बोलावून घेतलं, दार लावलं आणि मग सांगितलं.

डॉ. व्हिटेकर हे सावकाश बोलणारे, समोरच्या प्रत्येक बाईला 'मॅम' म्हणणारे टेक्सासचे गृहस्थ. दुखण्यावर लिहून दिलेल्या ऑक्सिकोडोनच्या गोळीशिवाय आणखी काही घेता का, असं त्यांनी विचारलं. दीपा नाही म्हणाली. कुणा मैत्रिणीची एखादी गोळी, भारतातून कुणी आणलेलं काही? तेही नाही. या दुसऱ्या नाहीला शेजारच्या खुर्चीतल्या शैलेंद्रने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरांच्या प्रश्नापेक्षा नवऱ्याचं ते पाहणं तिला जास्त लागलं.

मणक्याची दोन ऑपरेशनं झाली होती. पहिलं डिस्कचं आणि दुसरं पहिल्यात बिघडलेलं निस्तरायला. त्यानंतर कमरेतून निघून डाव्या पायाच्या करंगळीपर्यंत जाणारी एक तापलेली तार तिच्या अंगात कायमची राहिली. गोळी सुरू झाली ती थोडे दिवस म्हणून. डोस वाढत गेला आणि दुखणं त्याच्या मागोमाग चालत राहिलं. मग एकदा मुलीला, नेत्राला, शाळेतून आणताना सिग्नलला गोळीच्या गुंगीने दीपाची मान खाली गेली. नेत्रा "मॉम, इट्स ग्रीन" असं म्हणत राहिली आणि दीपाला ते कितीतरी वेळाने ऐकू आलं. मागच्याने नुसता हॉर्न वाजवला. बाकी काही झालं नाही, पण नेत्रा पुन्हा तिच्या गाडीत बसली नाही. दीपाने आपणहून डॉक्टरांना सांगितलं की मला हे उतरवायचं आहे.

डॉक्टरांनी तेव्हा सगळं स्पष्ट सांगितलं होतं. एकदम सोडायचं नाही, शरीर ते सोसत नाही. डोसची एक पायरी उतरायची, थांबायचं, अंगवळणी पडलं की पुढची. दुखणं जाणार नाही. ते सोबत घेऊन कसं जगायचं, ते हळूहळू शिकायचं. आणि क्लिनिकचा एक नियम होता. लिहून न दिलेलं अफूच्या जातीचं काहीही तपासणीत सापडलं, तर क्लिनिक त्या पेशंटला सोडतं. असं सोडलेल्या पेशंटला दुसरा डॉक्टर सहसा जवळ करत नाही. म्हणजे पायऱ्या तिथेच संपतात आणि उरलेला जिना गडगडत उतरायचा.

पहिल्या पायऱ्या वाईट गेल्या. जांभयांवर जांभया, शिंका, भर टेक्सासच्या उन्हात अंगावर काटा, पोटाला थारा नाही, पाय स्वस्थ पडू देईनात. त्याच सुमारास सासूबाई, मीनाक्षीबाई, नागपूरहून राहायला आल्या. त्यांनी सुनेची ती दशा पाहिली. तिच्या औषधाचं इंग्रजी नाव त्यांना उच्चारता येत नव्हतं, पण पोट बिघडलंय आणि झोप उडालीय एवढं त्यांना कळत होतं, आणि त्यावर काय करायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. इंडियन ग्रोसरीतून त्यांनी खसखस मागवली. भिजत घातली, ओल्या खोबऱ्याबरोबर वाटली, दूध-गूळ घालून मंद आचेवर खीर केली. संध्याकाळी वाटीभर दीपापुढे ठेवली. पोट बांधलं जाईल, झोप येईल, म्हणाल्या.

झोप आली. पोट बांधलं गेलं. पुढची पायरी आली आणि गेली, दीपाला ती नीटशी जाणवलीही नाही. संध्याकाळी ती सोसायटीच्या तळ्याभोवती चालून यायला लागली. गोळ्यांच्या पेटीची किल्ली शैलेंद्रकडे असे. तो किल्ली देताना तिच्या तोंडाकडे निरखून बघायचा, ते त्याने बंद केलं. दिवाळीच्या पार्टीत त्याच्या मित्राला, निमिषला, तो म्हणाला, "शी इज डुइंग इट, यार." दीपाने ते ऐकलं, आणि कितीतरी महिन्यांनी तिला स्वतःबद्दल बरं वाटलं.

आता डॉक्टर शेवटचा प्रश्न सवयीने विचारावा तसा विचारत होते. पॉपी सीड लावलेला बेगल, मफिन, केक असं काही खाल्लं का? क्लिनिकच्या करारात ती सूचना होती आणि दीपाने त्याखाली सही केली होती. बेगल तिला आवडत नसे. ते काळे दाणे सकाळी बेगल खाणाऱ्या लोकांचं प्रकरण, अशी तिची समजूत. ती नाही म्हणाली.

शैलेंद्रने मध्येच विचारलं, "ते दाणे काळेच असतात का?"

डॉक्टर थांबले. काळे, निळसर, पांढरेही असतात, म्हणाले. भारतातले बहुतेक पांढरेच.

पांढरे म्हणजे घरातली खसखस. मग दीपाने खिरीबद्दल सगळं सांगितलं. कधीपासून, किती, कशी करतात ते. सांगताना तिला हायसं वाटत होतं, कारण शैलेंद्रचा चेहरा सैल होत चालला होता. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. माझा विश्वास बसला, म्हणाले, पण लॅबला खीर दिसत नाही, मॉर्फिन दिसतं. पुढच्या आठवड्यात न सांगता बोलावून पुन्हा तपासू. स्वच्छ निघालं तर पुढे चालू. नाही निघालं तर त्यांच्या हातात काही उरणार नव्हतं.

"आणि ती पायरी? खीर खात असताना उतरले ती?" दीपाने विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न कळला. म्हणूनच त्यांनी उत्तराला वेळ घेतला. त्या दाण्यांवर अफूचा चीक किती लागलेला असतो ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणाले. एका पिशवीत काहीच नसतं, दुसरीत भलतंच असतं, त्याने माणसं मेलेलीही आहेत. "मॅम, ती पायरी तुमचं शरीर अजून उतरलेलंच नसेल, असं होऊ शकतं."

घरी मीनाक्षीबाईंना सांगायचं काम शैलेंद्रने केलं. वातावरण हलकं करावं म्हणून त्याने सुरुवातच अशी केली की आई, तू तर डीलर निघालीस. कुणी हसलं नाही. मीनाक्षीबाईंनी सगळं ऐकलं आणि दीपाकडे वळून विचारलं, "म्हणजे मी तुला अफू चारून राहिले होते?" दीपा म्हणाली, तुम्हाला काय माहीत, मला तरी कुठे माहीत होतं. ते खरं होतं, पण त्याने कुणाचंच समाधान झालं नाही.

खीर बंद झाली. दुसऱ्या दिवशी जांभया परत आल्या. मग शिंका, मग पोट. चादर अंगावर सहन होईना आणि काढली की हुडहुडी भरे. पाय आपोआप झटकले जात आणि प्रत्येक झटक्याला कमरेतली तार लाल होई. तळ्यापर्यंत जाणं सोडाच, बाथरूमपर्यंतची वाट ती भिंत धरून कापत होती. या सगळ्याहून वाईट एक गोष्ट होती आणि ती तिने कुणाला सांगितली नाही. दिवाळीत जी बाई स्वतःवर खूश झाली होती, ती अस्तित्वातच नव्हती. ते सगळं खिरीचं होतं.

आठवडा निम्मा सरला होता. दुपारची वेळ. शैलेंद्र ऑफिसात, नेत्रा शाळेत. मीनाक्षीबाई वाटी घेऊन आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"दोन घोट घे. मी कोणाला नाही सांगत."

"आई, तपासणी आहे."

"असू दे ना. त्या डॉक्टरच्या दारात उभं तरी कशाला राहायचं? ती गोळीच नको अन् त्याचा तो लघवीचा कपही नको. मी करत जाईन रोज." त्यांचा आवाज मऊ होता, तापाच्या पोराला समजवावं तसा. "दुकानात पिशव्याच पिशव्या आहेत, बाई. कोणी सही मागत नाही."

दीपाने वाटी हातात घेतली. सही मागत नाहीत, हे तिला सासूबाईंनी सांगायची गरज नव्हती. आदल्या दिवशीच तिने मनातल्या मनात दुकानापर्यंतचा रस्ता काढला होता, गाडी कुठे लावायची तेही ठरवलं होतं. वाटी गरम होती. वेलदोड्याचा वास येत होता आणि त्या नुसत्या वासाने तिच्या पोटातली कळ थांबल्यासारखी झाली.

"आणि तुम्ही नागपूरला गेल्यावर?"

"तुला शिकवून जाते ना. त्यात काय आहे शिकण्यासारखं?"

काहीच नव्हतं. वाटायचं, शिजवायचं. पिशवीत काय आहे ते कुणाला कळणार नाही, आज पुरलं ते उद्या पुरणार नाही, आणि हात धरायला तिथे कुणी नसेल. दीपाने वाटी तोंडाला लावली नाही. तिने वाटी पुढे केली.

"सिंकमध्ये ओता. तुम्हीच ओता, आई. माझ्याच्याने नाही होणार."

मीनाक्षीबाई उठल्या. नळ बराच वेळ वाहत असल्याचं दीपाला ऐकू आलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी तपासणीला या म्हणून क्लिनिकचा फोन आला. तपासणी स्वच्छ निघाली. निकाल सांगायला दोघांना बोलावलं, तेव्हा डॉक्टर हसले. शैलेंद्रने दीपाचा खांदा दाबला आणि तोच पुढचं बोलायला लागला. म्हणजे आता पुढची पायरी केव्हा, सुट्ट्यांच्या आधी की नंतर? त्याच्या आवाजात ऑफिसातलं एखादं रिलीज वेळेत गेल्याचा उत्साह होता.

दीपाने येताना गाडीत ठरवलं होतं की ठीक आहे म्हणायचं. जो पेशंट कुरकुर करतो त्याच्याकडे हे लोक वेगळ्या नजरेने बघतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांनी आठवडा कसा गेला विचारलं, तेव्हा तोंडाशी आलेलं 'ठीक' तिने गिळलं.

"मला आधीच्या डोसवर परत घ्या," ती म्हणाली. "मी उतरले असं तुम्ही लिहिलंय. मी उतरलेले नाही."

शैलेंद्र मराठीत बोलायला लागला. डॉक्टरांसमोर तो असं कधी करत नसे. "अगं, आठवडा काढलास ना? सगळं पार पडलं. आता वर कशाला जायचं?"

"काढला म्हणूनच सांगते. पुढचा निघणार नाही."

"एवढं केलंस ते फुकट घालवायचं?"

"शैलेंद्र, पुढचा निघाला नाही तर मी काय करीन ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. मॉर्फिन निघाल्याचं कळलं त्या दिवशी बघितलं होतं तसंच, पण या वेळी तिने नजर हलवली नाही. डॉक्टरांना मराठी कळत नव्हतं. ते कीबोर्डवर हात ठेवून थांबले होते. मग दीपाने दुपारची वाटी, दुकानाचा रस्ता, गाडी लावायची जागा, सगळं त्यांना इंग्रजीत सांगितलं. असं सांगितल्याचीही नोंद होते, हे तिला माहीत होतं. झालीच ती. डॉक्टरांनी टाइप केलं, जुना डोस पुन्हा लिहिला आणि म्हणाले की थोडं थांबू, मग याहून लहान, निम्मीच पायरी करून बघू. तीही जमली नाही तर काय, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

शैलेंद्र गाडी दाराशी आणतो म्हणून बाहेर गेला. दीपाला उठायला वेळ लागे. खुर्चीचे दोन्ही हात धरून ती आधी उजव्या पायावर आली, तिथे जरा थांबली, आणि मग तिने डावा पाय टेकवला.